एसएनएलचा पहिला एपिसोड (११ ऑक्टोबर १९७५): एवढं डोक्यावर घेण्यासारखं त्यात काय आहे?

कोपऱ्यातली खुर्ची

'सॅटर्डे नाइट लाइव्ह' (एसएनएल) या अमेरिकन विनोदी टीव्ही कार्यक्रमाची पन्नाशी झाल्यापासून त्या पहिल्या एपिसोडचं कौतुक उतू चाललंय. २०२४ मध्ये त्या रात्रीच्या धावपळीवर सिनेमा आला, फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कला मोठा सोहळा झाला, आणि जो उठतो तो 'त्या रात्री टीव्हीवरचा विनोद बदलला' असं म्हणतो. म्हणणाऱ्यांपैकी कितींनी तो एपिसोड अथपासून इतिपर्यंत पाहिलाय याची मला दाट शंका आहे. मी नुकताच पाहिला, पहिल्या सीझनच्या डीव्हीडीवर, काहीही पुढे न ढकलता. एपिसोड भरकटलेला आहे, निम्म्याहून जास्त वेळ जांभया येतात, आणि तीनच गोष्टी आजही खणखणीत वाजतात. माझा वाद आहे तो असा, की लोक ज्याचं कौतुक करतात ते या तिघांपैकी नसतंच.

पार्श्वभूमी थोडक्यात. शनिवारी रात्री साडेअकराला एनबीसी जॉनी कार्सनच्या 'टुनाइट शो'चे जुने भाग दाखवायची. कार्सनने ते बंद करायला लावले, कारण ते भाग त्याला आठवड्यात स्वतःच्या सुट्टीच्या दिवशी लावायला हवे होते. रिकाम्या झालेल्या वेळेत तिशीच्या लॉर्न मायकल्सला ९० मिनिटांचा लाइव्ह कार्यक्रम करायला मिळाला. जागा रॉकफेलर सेंटरमधला स्टुडिओ ८एच, जिथे पूर्वी तोस्कानिनी रेडिओसाठी वाद्यवृंद चालवायचा. नावही तेव्हा 'एनबीसीज सॅटर्डे नाइट' होतं. 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' हे नाव एबीसीवर हॉवर्ड कोसेलच्या कार्यक्रमाने आधीच घेतलं होतं.

आता एपिसोड. सुरुवातीला शीर्षक नाही, स्वागत नाही, काही नाही. एक खोली. खुर्चीत मायकल ओ'डॉनह्यू. जॉन बेलुशी येतो, तो परदेशातून आलेला, इंग्रजी शिकायला आलाय. शिक्षक एकेक वाक्य म्हणतो आणि हा जड जिभेने तसंच्या तसं म्हणतो. पहिलंच वाक्य काय, तर 'मला तुमच्या बोटांची टोकं वुल्व्हरीनना खायला घालायची आहेत'. (वुल्व्हरीन म्हणजे छोट्या अस्वलासारखा दिसणारा, भलता खुनशी प्राणी.) पुढची वाक्यंही वुल्व्हरीनचीच. शिक्षकाचा चेहरा बँकेतल्या कारकुनासारखा कोरा, आणि विद्यार्थी जीव तोडून शिकतोय. मग शिक्षकाला हार्ट अटॅक येतो, तो छातीला हात लावून खाली कोसळतो. बेलुशी क्षणभर बघतो आणि हाही धडाच आहे असं समजून स्वतः तसाच कोसळतो. मग हेडफोन लावलेला चेव्ही चेस डोकावतो, कॅमेऱ्याकडे बघून हसतो आणि 'लाइव्ह फ्रॉम न्यूयॉर्क, इट्स सॅटर्डे नाइट!' हे सुप्रसिद्ध वाक्य म्हणतो.

हा प्रवेश मी परत परत पाहिला. यात कुणीही प्रेक्षकाला 'आता हसा' असं सांगत नाही. शिक्षक विचित्र का बोलतोय हे कळत नाही, ते कळावं अशी कुणाची इच्छाही नाही. बेलुशी पडताना इतका मनापासून पडतो की आधी वाईट वाटतं, हसू नंतर येतं.

पण त्यानंतर?

जॉर्ज कार्लिन होस्ट. टी-शर्टवर सूट, कारण चॅनेलला सूट हवा होता आणि त्याला टी-शर्ट. तो येतो, बेसबॉल आणि अमेरिकन फुटबॉलमधला फरक सांगणारं त्याचं गाजलेलं स्टँड-अप करतो. पुन्हा येतो, पुन्हा स्टँड-अप. शेवटी देवावर बोलतो. एकाही स्किटमध्ये तो नाही. बिली प्रेस्टनची दोन गाणी, जॅनिस इयनची दोन गाणी. जिम हेन्सनची मपेट (कापडी बाहुल्या), तीही लहान मुलांची नव्हेत, तर गॉर्च नावाच्या कुठल्याशा दलदलीतले कुरकुरणारे राजा-राणी. अल्बर्ट ब्रूक्सची छोटी फिल्म. व्हॅलरी ब्रॉमफिल्डचं स्टँड-अप. अँडी कॉफमन. लग्नाच्या पंगतीत वाढपी इतके व्हावेत की पानात काही पडूच नये, तशी गत. ज्यांच्यासाठी हा कार्यक्रम पुढे ओळखला गेला त्या बेलुशी, अ‍ॅक्रॉइड, रॅडनर, कर्टिन, न्यूमन, मॉरिस यांच्या वाट्याला उरलेल्या फटी.

आणि त्या फटीत जे आहे तेही बहुतेक जुनाट. कोर्टाचं स्किट घ्या. साक्षीदार बाई आरोपी काय म्हणाला ते उच्चारायला लाजते, म्हणून कागदावर लिहून देते. कागद ज्यूरीत हातोहात फिरतो, झोपलेल्या ज्युररला शेजारची बाई उठवून तो देते, आणि त्याला वाटतं ही मलाच विचारतेय. हा विनोद तेव्हाही नवा नव्हता. मधमाश्यांच्या प्रसूतिगृहाचं स्किट म्हणजे पट्ट्यापट्ट्यांचे कपडे आणि डोक्यावर डुगडुगणाऱ्या स्प्रिंगा, बस.

माझी बाकीची दोन रत्नं: कॉफमन, आणि तीन पात्यांच्या रेझरची खोटी जाहिरात. कोर्टाचं स्किट विनोद हातात धरून प्रत्येकाच्या नाकासमोर नाचवतं. ही तिन्ही तसं करत नाहीत. पहिल्या एपिसोडला मोठेपण द्यायचंच असेल तर यासाठी द्या, 'लाइव्ह होतं', 'बंडखोर होतं' यासाठी नको. बंडखोरी मला त्यात फारशी दिसली नाही. निम्मा तर साठच्या दशकातला व्हरायटी शोच आहे, फक्त केस लांब.

झोडा आता.

---

खडीसाखर

वाखूसाआ (वाचनखूण साठवली आहे). वुल्व्हरीनवालं यूट्यूबवर पाहिलं होतं, बाकी पाहिलेलं नाही हे कबूल. पॉपकॉर्न घेऊन बसते.

---

पंचनामा

खुर्ची, निम्मं पटलं. पण तुम्ही पायलटला पाचव्या सीझनच्या मापाने मोजताय.

कार्लिन स्किटमध्ये नाही हे खरं, पण त्याला होस्ट म्हणून आणणं हीच त्या वेळी धाडसाची गोष्ट होती. १९७२ मध्ये मिलवॉकीत त्याला 'टीव्हीवर न उच्चारता येणारे सात शब्द' म्हटल्याबद्दल अटक झाली होती. १९७३ मध्ये त्याच धर्तीचं त्याचं रेकॉर्डिंग न्यूयॉर्कच्या एका रेडिओ स्टेशनने दुपारी वाजवलं, ते प्रकरण पुढे १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. म्हणजे ज्या माणसाच्या रेकॉर्डिंगवरून वाद चालू आहे त्याच्या हाती चॅनेलने ९० मिनिटं लाइव्ह दिली. तो बेसबॉलवर बोलला म्हणून तुम्हाला मिळमिळीत वाटतं. त्या रात्री कंट्रोल रूममध्ये बसलेल्यांना तसं वाटलं नसणार. आणि देवावरचा भाग? १९७५ मध्ये अमेरिकन टीव्हीवर देवाच्या कामगिरीचं मूल्यमापन करणं ही बंडखोरी नाही तर काय.

विस्कळीतपणाबद्दल: तो दोष आहे, पण तोच पुरावाही आहे. डॉन पार्डोसारखा मुरलेला निवेदक 'नॉट रेडी फॉर प्राइम टाइम प्लेअर्स' (शोच्या नटमंडळींचं नाव) याऐवजी 'नॉट फॉर रेडी प्राइम टाइम प्लेअर्स' म्हणून गेला. ते तसंच प्रसारित झालं. लाइव्ह म्हणजे हेच. तुम्ही 'लाइव्ह होतं यासाठी मोठेपण नको' म्हणता, पण लाइव्ह काढलं तर वुल्व्हरीनमधला चेसचा प्रवेशही उरत नाही. फ्लोअर मॅनेजरच्या वेषातला माणूस नाटकात घुसतो, ही गंमत लाइव्हचीच आहे.

---

कोपऱ्यातली खुर्ची

@पंचनामा: चेसबद्दलचा मुद्दा मान्य, तिथे लाइव्ह असणं विनोदाच्या पोटात शिरलंय. पार्डोची चूक मात्र निव्वळ चूक आहे. जीभ घसरली म्हणून त्याला सौंदर्य कसं म्हणू? पन्नास वर्षांनी आपल्याला ती गोड वाटते, कारण पुढचा इतिहास माहीत आहे. शो सहा आठवड्यांत बंद पडला असता तर तीच चूक 'बघा, किती गचाळ होता' म्हणून सांगितली गेली असती.

कार्लिनला आणणं धाडस, कबूल. पण धाडस बुकिंगमध्ये होतं, एपिसोडमध्ये किती उतरलं हा माझा प्रश्न आहे. तो त्याचं तयार सामान घेऊन आला आणि वाजवून गेला. क्लबमध्येही तेच ऐकायला मिळालं असतं.

---

गवती चहा

कोर्टाच्या स्किटबद्दल तुम्ही 'जुनाट' म्हणून पुढे गेलात. मला तिथे थांबायचंय.

ती साक्षीदार म्हणजे जेन कर्टिन, आणि खटला तिच्यावर झालेल्या अत्याचाराचा आहे. तिची लाज, तिचं थरथरत लिहिणं, हे सगळं कशासाठी, तर शेवटी एका झोपाळू पुरुषाला चिठ्ठी पोचावी म्हणून. चिठ्ठी पोचली की ती बाई चौकटीतून गायब. तिचं पुढे काय होतं याच्याशी स्किटला काहीही देणंघेणं नाही. लोक 'त्या काळी चालायचं' म्हणतील. चालायचंच. पण ज्या कार्यक्रमाच्या नव्या नजरेचं इतकं कौतुक होतं, त्याच्या पहिल्याच रात्री नजर अशी होती, एवढं तरी नोंदवा.

आणि त्या तिघी बघा. कर्टिन एवढी पक्की अभिनेत्री, तिला एपिसोडभर प्रश्न विचारायला बसवलंय. शार्कने चावलेल्यांच्या मुलाखतीत (त्या जूनमध्ये 'जॉज' हा शार्कचा सिनेमा आला होता, म्हणून ते) बेलुशी हात शर्टात लपवून धमाल करतो, आणि ही माईक धरून बसते. ते काम ती चोख करते, एकदाही ओठ हलत नाही. दुसऱ्या सीझनमध्ये चेस सोडून गेल्यावर 'वीकेंड अपडेट'चं (शोमधल्या विनोदी बातम्यांचं) टेबल तिच्याकडे आलं, तेव्हा कळलं की ही काय करू शकते. लॅरेन न्यूमन तेवीस वर्षांची, तिला बातम्यांमध्ये एका हॉटेलबाहेर बातमीदार म्हणून उभं केलंय. गिल्डा रॅडनर तर या एपिसोडमध्ये जवळपास वायाच. गॅरेट मॉरिसचीही तीच कथा, आणि त्याची पुढची पाच वर्षं तशीच गेली.

---

पंचनामा

@गवती चहा, दंडवत. कोर्टाच्या स्किटबद्दल माझ्याकडे बचाव नाही.

---

रात्रपाळी

इथे न्यू जर्सीत रात्र झालीये, पण कॉफमनचा विषय निघाला म्हणून लिहितोच.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी. स्टेजवर एक साधा रेकॉर्ड प्लेअर. शेजारी एक माणूस, घाबरलेला, हात कुठे ठेवू कळत नाही असा. तो सुई ठेवतो. 'मायटी माउस' या कार्टूनचं शीर्षकगीत सुरू होतं. तो काहीही करत नाही. नुसता उभा. डोळे इकडून तिकडे, बोटं हलतायत. लोक अवघडून हसायला लागतात. मग गाण्यात ती एक ओळ येते, 'मी आलो तुम्हाला वाचवायला' या अर्थाची, आणि हा एकदम हात उंचावून, छाती पुढे काढून, एखाद्या ऑपेरा गायकाच्या थाटात तेवढीच ओळ ओठांनी म्हणतो. ओळ संपली की परत घाबरलेला माणूस. पुढचं कडवं वाजत राहतं, हा मध्येच पाणी पितो, वाट बघतो. एकदा ओळ यायच्या आधीच तोंड उघडतो आणि ओशाळून मिटतो.

विनोद म्हणाल तर यात एकच आहे. पण दुसऱ्यांदा ती ओळ येईपर्यंत स्टुडिओतला प्रत्येक जण त्याच्याबरोबर वाट बघत असतो. प्रेक्षकाला त्याने कामाला लावलंय. स्टँड-अप करणारे दर वीस सेकंदांनी एक हशा द्यायला धडपडतात, हा माणूस त्या मधल्या शांततेवर जगतो. आणि गंमत म्हणजे त्याला कुणी पात्रही म्हणत नाही आणि 'हा विनोदी कलाकार' अशी ओळखही करून देत नाही. कॅमेरा त्याच्यावर येतो, बस. हाच माणूस खरा आहे की अभिनय करतोय, हे शेवटपर्यंत कळत नाही.

त्या रात्री कॉफमन राहिला आणि विनोदी नट बिली क्रिस्टल गेला, हे विसरू नका. क्रिस्टलही पहिल्या एपिसोडसाठी ठरला होता. रंगीत तालमीनंतर त्याचा वेळ कापून जेमतेम दोन मिनिटांवर आणला, त्याच्या मॅनेजर लोकांनी नाही म्हटलं, आणि तो ट्रेन पकडून लाँग आयलंडला घरी गेला. नऊ वर्षांनी, १९८४ मध्ये, तो कलाकार म्हणून परत आला. क्रिस्टलचा तुकडा पूर्ण वेळ मागणारा होता, कॉफमनचा थोडक्यात मावला, असा साधा हिशेब असेलही. पण निवड अचूक झाली.

---

बोरीबंदर

अवांतर: त्याच ऑक्टोबरात आपल्याकडे आणीबाणी चालू होती. जूनमध्ये लागली, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर. आणि तिकडे 'वीकेंड अपडेट'मध्ये चेव्ही चेस टेबलाशी बसून राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्या बुद्धीची टर उडवतोय. मुंबई दूरदर्शन तेव्हा तीन वर्षांचं. 'गजरा' बघायला आमच्या चाळीत ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांच्या दारात चपलांचा ढीग लागायचा. विनायक चासकरांचा कार्यक्रम, छोटे छोटे प्रहसनाचे तुकडे, गाणी. छान असायचा. पण त्यात इंदिराबाईंवर एक शब्द? स्वप्नातही नाही. त्यामुळे खुर्चीसाहेब 'बंडखोरी दिसली नाही' म्हणतात तेव्हा मला जरा हसू आलं.

---

खडीसाखर

काका, धाग्याचा काश्मीर करू नका (भलत्या वादाकडे नेऊ नका), प्लीज :)

---

बोरीबंदर

नाही करत. गप्प बसतो. पण मुद्दा चुकीचा नाही.

---

कोपऱ्यातली खुर्ची

बोरीबंदर काका, मुद्दा चुकीचा नाहीच. आपल्या तुलनेत ते मोकळे होते. मी त्यांची तुलना त्यांच्याच पुढच्या काळाशी करतोय. फोर्ड यांच्यावरची चेसची खरी नक्कल नोव्हेंबरात सुरू झाली. मेकअप नाही, आवाज नाही, नुसतं धडपडणं आणि पडणं. आणि एप्रिल १९७६ मध्ये फोर्ड यांचे स्वतःचे प्रेस सेक्रेटरी रॉन नेसन होस्ट म्हणून आले, फोर्ड यांनीही रेकॉर्ड करून ते प्रसिद्ध वाक्य म्हटलं. तेव्हा थट्टेची ताकद कळली. पहिल्या रात्रीचं 'अपडेट' म्हणजे विनोदी बातम्यांची यादी. बातमी वाचणारा माणूस हाच मोठा विनोद आहे, हे त्यांना अजून सापडायचं होतं.

---

हडसनकाठ

मी एकदा ८एचमध्ये रंगीत तालमीला बसले आहे, अलीकडच्या काळातली गोष्ट. स्टँडबायच्या रांगेत उभं राहताना विचारतात, तालीम हवी की लाइव्ह? तालीम संध्याकाळी आठला, लाइव्ह साडेअकराला. तालीम घ्या, असं माझं प्रत्येकाला सांगणं आहे, कारण तिथे जे दिसतं त्यातलं बरंच रात्री गळतं.

टीव्हीवर तो स्टुडिओ केवढा मोठा वाटतो. आत गेल्यावर कळतं की सेट एकमेकांना खेटून आहेत. एका कोपऱ्यात स्किट चालू असतं आणि शेजारी माणसं दबक्या पावलांनी दुसऱ्या सेटची भिंत ढकलत आणत असतात. नट समोरच्याकडे न बघता त्याच्या कानाच्या बाजूला बघतात, कारण तिथे क्यू कार्ड (संवाद लिहिलेला पुठ्ठा) असतं. हाताने लिहिलेलं, प्रत्येक पात्राचा रंग वेगळा. आम्ही वर गॅलरीत होतो, तिथून कार्ड बदलणाऱ्याचे हात दिसायचे, आणि खरं सांगायचं तर मी एका स्किटभर नुसती त्याच्याकडेच बघत होते. माझ्या आजूबाजूचे लोक एका स्किटला पोट धरून हसले, आणि रात्री घरी येऊन पाहिलं तर तेच नाही! दुसरं, जे आम्हाला थंड वाटलं होतं, ते मात्र आलं, लहान होऊन.

हे इथे का सांगतेय? कारण खुर्चींनी जो गोंधळ सांगितला तो मला न कापलेल्या तालमीसारखा वाटतो. आज बुधवारी सगळे बसून चाळीसएक स्किटं मोठ्याने वाचतात, त्यातली थोडी निवडतात, शनिवारी तालमीनंतर त्यातलीही कापतात. ही गाळणी पहिल्या रात्री बसलेली नव्हती. काय त्यांचं आणि काय नाही, हेच ठरलेलं नव्हतं. मपेट हे त्याचं उत्तम उदाहरण. मपेटचं लिखाण हेन्सनची माणसं नाही, शोचे लेखक करायचे, आणि त्यांना ते अजिबात आवडत नव्हतं. आपण कापडासाठी लिहिणार नाही, असं ओ'डॉनह्यूने सांगून टाकलं होतं. ज्याचा लेखकच नाक मुरडतो ते चांगलं कसं होणार? पहिल्या सीझननंतर मपेट जवळपास गेलेच, आणि हेन्सनने १९७६ मध्ये इंग्लंडमध्ये 'द मपेट शो' सुरू केला. दोघांचंही भलं झालं.

---

खडीसाखर

@हडसनकाठ ताई, कार्ड बदलणाऱ्यावर एक वेगळा लेख लिहाच. पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत).

---

टोमॅटो सार

रेझरची जाहिरात कुणीच उलगडून सांगितली नाही, म्हणून मी.

१९७१ मध्ये जिलेटने 'ट्रॅक टू' आणला, दोन पात्यांचा. एक पातं केस ओढतं, दुसरं कापतं, असं सांगणारी जाहिरात. एसएनएलच्या जाहिरातीत 'ट्रिपल-ट्रॅक', तीन पाती, आणि शेवटचं घोषवाक्य साधारण असं: 'कारण तुम्ही कशावरही विश्वास ठेवाल.' विनोद संपला. १९९८ मध्ये जिलेटने खरोखर 'मॅक थ्री' बाजारात आणला. तीन पाती. आता तर पाच पात्यांचं मी रोज वापरतो आणि मला त्यात काही गैर वाटत नाही.

खुर्ची म्हणतात तसं, ती जाहिरात हुबेहूब जाहिरातीसारखी आहे. आवाज तोच, चित्रं तीच. खऱ्या जाहिरातींच्या मध्ये ती टाकली होती, हे डीव्हीडीवर कळत नाही. १९७५ मध्ये साबण, गाडी, रेझर अशा ओळीने आलं असेल तर निम्म्यांना कळलंही नसेल की ही खोटी आहे. त्यामुळे 'काही न ढकलता पाहिला' म्हणता, पण जाहिराती नसल्यामुळे तुमची थोडी फसगत झालीच आहे :)

---

कोपऱ्यातली खुर्ची

@टोमॅटो सार: हे आवडलं. खरंच, जाहिरातींच्या ओळीत ती कशी दिसली असेल हा विचार केला नव्हता.

---

पंचनामा

मधमाश्यांबद्दल एक भर. पहिल्या एपिसोडनंतर चॅनेलकडून निरोप आला म्हणे, 'मधमाश्या काढा'. त्यामुळे मायकल्सने त्या ठेवल्या, सीझनभर ठेवल्या. स्किट म्हणून ते काहीच नाही हे मला मान्य. पण बेलुशीला तो पोशाख मनापासून नकोसा होता, आणि पुढे ती चिडच विनोद झाली. स्प्रिंगा डुगडुगवत रागावलेला जाडा माणूस. चॅनेलचा हट्ट, निर्मात्याचा हट्ट आणि नटाचा राग, या तिन्हींतून एक पात्र तयार झालं, लिहिणाऱ्याचा त्यात फारसा हात नाही.

---

गवती चहा

मग मला सांगा, हा पहिला एपिसोड नसेल तर खरा पहिला कुठला? दुसरा तर नक्कीच नाही. १८ ऑक्टोबरचा, पॉल सायमनचा, तो जवळपास गाण्यांची मैफलच आहे. सायमन आणि गारफंकेल परत एकत्र आले म्हणून लोक हरखले, पण स्किटं औषधापुरतीसुद्धा नाहीत. कँडिस बर्गनचा? ८ नोव्हेंबर. पहिली स्त्री होस्ट, आणि दारावर टकटक करून 'मी डॉल्फिन आहे' वगैरे थापा मारणारा जमिनीवरचा शार्क. तिथून पुढे त्यांना सूर सापडला असं माझं मत.

---

रात्रपाळी

माझं मत १३ डिसेंबर १९७५. कृष्णवर्णीय विनोदवीर रिचर्ड प्रायर.

प्रायरला घ्यायला चॅनेल तयार नव्हतं, तो काय बोलेल याचा भरवसा नाही म्हणून. शेवटी काही सेकंदांचा विलंब ठेवून प्रक्षेपण केलं, म्हणजे त्या रात्री नाव 'लाइव्ह' असून पूर्ण लाइव्ह नव्हतंच. पॉल मूनीला लेखक म्हणून बरोबर आणायची अट प्रायरने घातली होती. त्यात चेस नोकरीची मुलाखत घेतोय, प्रायर झाडूवाल्याच्या जागेसाठी आलाय. 'मी शब्द सांगतो, तुमच्या मनात येईल तो शब्द सांगा.' झाड, कुत्रा असं सुरू होतं आणि हळूहळू वर्णावरून दिल्या जाणाऱ्या शिव्यांवर येतं. चेस थंड चेहऱ्याने एकेक शिवी 'शब्द' म्हणून वाचतो. प्रायर सुरुवातीला गोंधळतो, मग उत्तरादाखल गोऱ्यांसाठीची शिवी, पुढे चेसने सगळ्यात वाईट शब्द काढल्यावर 'मेलेला गोरा' अशा अर्थाचं उत्तर. प्रायरच्या गालाचा स्नायू उडायला लागतो. चेस घाबरून नोकरी देतो, पगार वाढवतो.

दोघं बसलेले, एक टेबल, दुसरं काही नाही. गवती चहांनी कोर्टाच्या स्किटबद्दल जे म्हटलं त्याच्या बरोबर उलट हे आहे. इथे ज्याच्यावर विनोद होऊ शकला असता तोच विनोदाची सूत्रं हातात घेतो. मूनीने नंतर सांगितलं की हे लिहिणं त्याला सगळ्यात सोपं गेलं, कारण त्या आठवड्यात चॅनेलच्या माणसांनी त्याची जी उलटतपासणी केली तेच त्याने कागदावर उतरवलं.

---

पंचनामा

@रात्रपाळी +१. आणि त्याच एपिसोडमध्ये बेलुशीचा सामुराई पहिल्यांदा आला, हॉटेलच्या काउंटरवरचा. प्रायरही सामुराई. दोघं घशातून खोटं जपानी काढतायत, तलवारी उपसतायत, आणि शेवटी बेलुशी अचानक स्पष्ट इंग्रजीत एकच वाक्य बोलतो. वुल्व्हरीनवाला बेलुशीही परकी भाषा बोलत होता, फक्त ती इंग्रजी होती. तिथे त्याला वाक्यं दुसरा माणूस भरवत होता. इथे तो स्वतः स्वार झालाय.

---

कोपऱ्यातली खुर्ची

प्रायरचा एपिसोड पाहिलाय, पण तुकड्यांत. या शनिवारी अख्खा बघतो आणि वेगळा धागा काढतो. तोपर्यंत एक आक्षेप नोंदवून ठेवतो, म्हणजे रात्रपाळींना झोप लागणार नाही: शब्दांच्या मुलाखतीचं स्किट सोडलं तर त्या एपिसोडमध्ये 'एक्झॉर्सिस्ट' या भयपटाची टिंगल आहे, आणि मला जेवढी दिसली तेवढी ती मधमाश्यांच्याच पातळीची वाटली.

---

रात्रपाळी

आलो. उद्या सुट्टी आहे, लिहितो सविस्तर. 'एक्झॉर्सिस्ट'ला हात लावायचा नाही.